तळटीप, संदर्भ व ग्रंथसूची : संगणकीय अक्षरजुळणीत वैद्यांनी बाळगावयाची दक्षता

सन २०११ मध्ये आमच्या तालुक्यातील वैद्यांनी एक स्मरणिका प्रसिद्ध केली. तीत ज्वरचिकित्सेवर माझा एक लेख होता. त्रिभुवनकीर्ति रसाची मात्रा मी ‘१ ते २ गुंजा’ अशी दिली होती व तिचा ग्रंथाधार त्याच पानावर चौथ्या तळटिपेत नोंदविला होता. टिपेचा निर्देश करणारा लहान ‘४’ हा अंक मी ‘२’ या अंकाला लागूनच, शिरोभागी ठेवला होता. लेखाचा मजकूर छापखान्यात एका अक्षरप्रणालीतून दुसरीत नेताना शिरोभागीचा तो अंक ओळीत खाली उतरला आणि छापून आले ते असे : ‘मात्रा १ ते २४ गुंजा’.

गुंजेचे मान १२५ मि.ग्रॅ. धरले तर २४ गुंजा म्हणजे ३ ग्रॅम होतात. हिंगूळ व वत्सनाभ असलेल्या कल्पाची ही मात्रा वाचून एका फार्मसीचालक स्नेह्यांनी रात्रीच दूरध्वनी केला, म्हणून अनर्थ टळला. वाटपासाठी बांधून ठेवलेले गठ्ठे सोडून आम्ही चौघांनी दवाखान्यात बसून प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्राची चिठ्ठी डकविली. मुद्रिते मीच तपासली होती. शब्द न् शब्द वाचला होता, परंतु टिपांचे अंक मजकुराशी ताडून पाहिले नव्हते. दोष छापखान्यावर ढकलण्याचे मनात आले होते, पण विचारांती तो दोघांच्या कार्यपद्धतीचा आहे हे पटले. तेव्हापासून तळटीप आणि ग्रंथसूची या विषयाकडे मी पांडित्याचा अलंकार म्हणून पाहणे सोडले. औषधाच्या बरणीवरील नावपट्टीला जे महत्त्व, तेच लेखातील संदर्भाला आहे. गेल्या काही वर्षांत या संदर्भात जे वाचले व स्वतः करून पाहिले, ते वैद्यबंधु-भगिनींसमोर व फार्मसीचालकांसमोर मांडण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

संदर्भाची आपली परंपरा

ग्रंथरचनेचे शास्त्र आपल्याकडे तंत्रयुक्तींच्या रूपाने सिद्ध आहे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील शेवटच्या अध्यायात छत्तीस, तर सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात बत्तीस तंत्रयुक्ती सांगितल्या आहेत. त्यांतील दोन येथे विशेष स्मरणीय होत. पुढे येणाऱ्या विषयाकडे बोट दाखविणे ते अनागतावेक्षण आणि मागे होऊन गेलेल्या विषयाचा निर्देश करणे ते अतिक्रांतावेक्षण. ‘पुढील प्रकरण पाहा’, ‘मागे टीप ७ मध्ये सांगितल्याप्रमाणे’ असे आपण आज लिहितो, ती याच दोन युक्तींची साधी रूपे आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही बत्तीस युक्ती आहेत आणि तेथे ‘अमक्याने असे म्हटले आहे’ या निर्देशाला अपदेश ही संज्ञा आहे. दुसऱ्याचे मत सांगताना ते दुसऱ्याचे आहे हे स्पष्ट करण्याची शिस्त ही पाश्चात्त्यांकडून उसनी घेतलेली नाही.

मुद्रणाच्या युगात ही शिस्त महाराष्ट्रात फार उंचीला पोहोचली होती. जावजी दादाजी चौधरी यांनी मुंबईत स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या संहिता आजही आपल्या टेबलावर असतात. यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादिलेली, चक्रपाणिदत्ताच्या आयुर्वेददीपिकेसह निघालेली चरकसंहितेची १९४१ ची आवृत्ती उघडून पाहावी. वर मूळ श्लोक, त्याखाली टीका आणि सर्वांत खाली बारीक खिळ्यांत पाठभेद अशी तीन थरांची मांडणी तेथे आढळते. हरिशास्त्री पराडकर यांनी संपादिलेल्या १९३९ च्या अष्टांगहृदयात अरुणदत्त व हेमाद्री यांच्या दोन टीका एकाच पानावर नांदतात. हे सर्व हातांनी शिशाचे खिळे जुळवून झालेले काम आहे. मूळ मजकुरात एक ओळ वाढली की पानाच्या तळाच्या टिपा पुढच्या पानावर सरकत, आणि जुळाऱ्याला दोन्ही पाने सोडून पुन्हा बांधावी लागत. तरीही टीप चुकीच्या पानावर गेली असे सहसा दिसत नाही.

आपल्या जिल्ह्याचाही या परंपरेत वाटा आहे. वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ मध्ये अहमदनगर येथे (२०२४ पासून अहिल्यानगर) आयुर्वेद महाविद्यालयाची मुहूर्तमेढ रोवली. त्यांचे अनेक भागांतील ‘औषधीगुणधर्मशास्त्र’ रसकल्प वापरणाऱ्या वैद्यांच्या आजही हाताशी असते. आपण लेखांत त्याचा आधार वारंवार घेतो, पण ‘गुणेशास्त्री म्हणतात’ एवढ्यावरच बहुधा थांबतो. भाग कोणता, आवृत्ती कोणती, पृष्ठ कोणते, हे लिहीत नाही. ज्या ग्रंथावर आपला व्यवहार चालतो, त्याच्या बाबतीत ही अनास्था शोभणारी नाही.

कायद्याने मागितलेला संदर्भ

फार्मसीचालकांना हा विषय केवळ लेखकांचा वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याच्या पहिल्या अनुसूचीत आयुर्वेदाच्या प्रमाणग्रंथांची यादी आहे. चरक, सुश्रुत, अष्टांगहृदय, शार्ङ्गधर, भावप्रकाश, योगरत्नाकर, भैषज्यरत्नावली इत्यादी ग्रंथ तीत आहेतच, शिवाय ‘आर्यभिषक्’सारखा ग्रंथही आहे. नियम १६१ अन्वये आयुर्वेदीय औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्ये व त्यांचे प्रमाण यांबरोबरच निर्माणपद्धतीचा प्रमाणग्रंथातील व अधिकरणातील निर्देश असणे आवश्यक आहे. नियमानुसार नावपट्टी नसलेले औषध कायद्याच्या दृष्टीने अपनामित ठरते. म्हणजे आपल्या बाटलीवरील ‘भै.र., ज्वराधिकार’ ही अक्षरे कायद्याने सक्तीची केलेली तळटीपच आहे.

ही तळटीप किती नेमकी असावी लागते, याची दोन उदाहरणे पुरेत. सितोपलादि चूर्ण चरकसंहितेच्या राजयक्ष्माचिकित्सेत आहे आणि शार्ङ्गधराच्या मध्यमखंडातील चूर्णाध्यायातही आहे. ज्या पाठाप्रमाणे आपण द्रव्ये तोलतो, त्याच ग्रंथाचे नाव पट्टीवर हवे. दुसरे, लक्ष्मीविलास या एकाच नावाचे रसयोग निरनिराळ्या अधिकारांत निरनिराळ्या घटकांनी येतात. म्हणूनच त्यांतील एकाला ‘नारदीय’ हे विशेषण जोडण्याचा प्रघात पडला. नुसते ‘लक्ष्मीविलास रस, भै.र.’ असे छापणे म्हणजे पत्त्यावर गावाचे नाव लिहून गल्लीचे नाव गाळण्यासारखे आहे.

आयुर्वेदिक फॉर्म्युलरी ऑफ इंडिया या शासकीय ग्रंथाने याबाबत चांगला पायंडा पाडला. १९७८ मध्ये निघालेल्या त्याच्या पहिल्या भागात ४४४ कल्प आहेत आणि कल्पासोबत मूळ ग्रंथ व अधिकार यांचा निर्देश केलेला आहे. कल्पांना विभागवार क्रमांक असल्याने भाग, विभाग व क्रमांक एवढे लिहिले तरी वाचक नेमक्या कल्पापाशी पोहोचतो.

आयुर्वेदीय संदर्भाचे घटक

आधुनिक वैद्यकाच्या नियतकालिकांत लेखक, शीर्षक, नियतकालिक, वर्ष, खंड व पृष्ठ या क्रमाने, क्रमांकित संदर्भ देण्याची पद्धत रूढ आहे. १९७८ मध्ये कॅनडातील व्हॅंकूव्हर येथे जमलेल्या संपादकांच्या बैठकीतून ती पुढे आली, म्हणून तिला व्हॅंकूव्हर शैली म्हणतात. नव्या शोधनिबंधांसाठी ती उत्तम आहे. संहितांना मात्र ती जशीच्या तशी लागू पडत नाही. संहितेचा पत्ता पृष्ठाने लागत नसून स्थान, अध्याय व श्लोक यांनी लागतो, आणि हे तीनही आवृत्तीवर अवलंबून असतात.

चरकाच्या चिकित्सास्थानातील अध्यायांचा क्रम निर्णयसागरच्या पाठात एक, तर बंगालच्या परंपरेत दुसरा आहे. अर्शचिकित्सा निर्णयसागरमध्ये चौदावी येते, बंगालच्या क्रमात ती बरीच आधी येते. म्हणून ‘च.चि. १४’ एवढे लिहिल्यावर आवृत्ती सांगितली नसेल तर वाचक भलत्याच अध्यायात जाण्याची शक्यता राहते. शिवाय चिकित्सास्थानाच्या पहिल्या दोन अध्यायांचे प्रत्येकी चार पाद आहेत व श्लोकांक प्रत्येक पादात नव्याने सुरू होतात. च्यवनप्राश पहिल्या अध्यायाच्या अभयामलकीय नावाच्या पहिल्या पादात आहे. त्याचा संदर्भ देताना पादाचा अंक गाळला, तर वाचकाने चार ठिकाणी शोधावे काय? भैषज्यरत्नावलीत श्लोकांक आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून तेथे अधिकाराचे नाव अनिवार्य समजावे. टीकेतील मत उद्धृत करताना टीकाकाराचे नाव, ज्या श्लोकावरील टीका तो श्लोक व त्या आवृत्तीचे पृष्ठ असे तिन्ही द्यावे.

संक्षेपांचा गोंधळ हा स्वतंत्र विषय आहे. ‘सि.यो.’ म्हणजे वृंदाचा सिद्धयोग आणि ‘सि.यो.सं.’ म्हणजे यादवजींचा सिद्धयोगसंग्रह. या दोहोंत हजार वर्षांहून अधिक अंतर आहे व टंकनात एक ‘सं.’ गळण्याचाच काय तो प्रश्न आहे. ‘र.त.’ व ‘र.त.सा.’ म्हणजे रसतरंगिणी व रसतंत्रसार, ‘यो.र.’ व ‘र.यो.र.’ म्हणजे योगरत्नाकर व रसयोगरत्नाकर. हे सर्व ग्रंथ पहिल्या अनुसूचीत असल्याने चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. यास्तव लेखाच्या वा ग्रंथाच्या आरंभी संक्षेपसूची असणे ही शिष्टाचाराची बाब नसून सुरक्षिततेची आहे.

चूक कोठे शिरते?

नव्वदच्या दशकापासून आपल्या जिल्ह्यातील बहुतेक छापखान्यांत पेजमेकर या प्रणालीवर, मराठीसाठी स्वतंत्र फॉन्ट वापरून काम होऊ लागले. जाहिराती, छायाचित्रे व दोन रकान्यांचा मजकूर मांडण्यास ती सोयीची होती. परंतु पेजमेकरमध्ये तळटिपांची स्वयंचलित सोय नव्हती. ऑपरेटर टिपेचा अंक हाताने टंकित करी, तो लहान करून वर उचली व टिपेचा मजकूर पानाच्या तळाशी वेगळ्या चौकटीत बसवी. अंक आणि टीप यांत काहीही नाते नसे. दुसऱ्या मुद्रितात लेखकाने एक परिच्छेद वाढविला की मजकूर पुढे सरके, टीप मात्र जुन्याच पानावर बसून राही.

दुसरी अडचण अक्षरांच्या संकेतांची. जुन्या फॉन्टांत प्रत्येक कंपनीचे संकेत निराळे होते. एका फॉन्टातील मजकूर दुसऱ्यात किंवा युनिकोडमध्ये नेताना रफार सरकतो, ‘शार्ङ्गधर’मधील ‘ङ्ग’ विस्कटतो, आणि लहान-मोठ्या अक्षरांचे स्वरूपही अनेकदा गळून जाते. माझ्या लेखातील ‘४’ असाच खाली उतरला. आपण वर्डमध्ये घातलेल्या तळटिपा संगणक स्वतः क्रमांकित करतो, परंतु तो मजकूर पेजमेकरमध्ये चिकटविला की हे नाते तुटते.

तिसरी अडचण ‘तत्रैव’ या शब्दाची. सातव्या टिपेत शार्ङ्गधर व आठव्यात ‘तत्रैव’ असे आपण लिहितो. पुढे संपादक मध्येच भैषज्यरत्नावलीची एक नवी टीप घालतात. ‘तत्रैव’ आता नववी टीप होते आणि ती भैषज्यरत्नावलीकडे बोट दाखवू लागते. कोणीही एक अक्षर चुकीचे लिहिलेले नसते, तरी संदर्भ खोटा होतो. ‘उपरिनिर्दिष्ट’ या अर्थाच्या ‘उनि’ या संक्षेपाचेही तसेच.

लाटेक व संदर्भकोश

या तीनही अडचणींवर उपाय करणारी एक अक्षरजुळणी प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे गणिती डोनाल्ड क्नूथ यांनी १९७८ मध्ये टेक् ही प्रणाली सिद्ध केली. स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची संगणकीय जुळणी पाहून ते असमाधानी झाले, हे तिचे निमित्त. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर आधारित लाटेक् तयार केले आणि १९८५ मध्ये ओरेन पाटाश्निक यांनी ग्रंथसूचीसाठी बिबटेक् ही जोड दिली. देवनागरीसाठी १९९१ मध्ये नेदरलँड्सचे फ्रान्स वेल्थाउस यांनी एक संच केला, पण त्यात मजकूर रोमन अक्षरांत टंकित करावा लागे. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांचे झीटेक् आल्यानंतर युनिकोड देवनागरी थेट लिहिता येऊ लागली. आयआयटी मुंबईने संस्कृत ग्रंथांच्या जुळणीसाठी सिद्ध केलेला ‘शोभिका’ हा विनामूल्य फॉन्ट त्यासाठी उत्तम आहे. तो राज्य मराठी विकास संस्थेच्या ‘यशोमुद्रा’वर आधारलेला आहे. लाटेकची मराठीतून ओळख करून देणारी पुस्तिकाही विनामूल्य मिळते.

लाटेकचे तत्त्व असे, की लेखकाने केवळ आशय व त्याचे स्वरूप सांगावे, मांडणी संगणकाने करावी. तळटीप हवी असेल तेथे ‘फुटनोट’ ही आज्ञा लिहून महिरपी कंसात टिपेचा मजकूर द्यायचा. अंक लिहायचाच नाही. कोणत्या पानावर कितवी टीप येते, हे जुळणीच्या वेळी प्रणाली मोजते. मध्ये दहा टिपा वाढविल्या तरी पुढील सर्व अंक आपोआप बदलतात आणि टीप आपल्या अंकाच्या पानावरच राहते. मजकुरातील ‘मागील टीप पाहा’ असे निर्देशही खुणेच्या नावाने दिल्यास बरोबर अंक दाखवितात. अनागतावेक्षण व अतिक्रांतावेक्षण यांचे भान यंत्राला दिल्यासारखेच हे आहे.

ग्रंथसूचीचे काम याहून उपयुक्त आहे. आपण वापरत असलेल्या ग्रंथांची एक वेगळी धारिका करायची. प्रत्येक ग्रंथाची तीत एकदाच नोंद होते : लेखक, संपादक, टीकाकार, शीर्षक, प्रकाशक, स्थळ, वर्ष, आवृत्ती. नोंदीला एक संकेतनाम द्यायचे, उदाहरणार्थ चरकाच्या निर्णयसागर आवृत्तीला ‘चरक-निर्णय’. लेखात संदर्भ देताना हे संकेतनाम व स्थान-अध्याय-श्लोक एवढेच लिहायचे. बिबलाटेक् हा संच व त्याचा सोबती बायबर यांच्या साहाय्याने तळटिपेत योग्य रूप छापले जाते व लेखाअखेरीस ग्रंथसूची तयार होते. जो ग्रंथ उद्धृत केला, तोच सूचीत येतो. उद्धृत न केलेले ग्रंथ भरून सूची लांबविण्याची आपल्याकडील खोड येथे आपोआप सुटते.

संहितांसाठी त्यातील संक्षेपाची सोय बहुमोल आहे. नोंदीत ‘च.सं.’ असा संक्षेप एकदा दिला की लेखभर तोच छापला जातो व हवी असल्यास संक्षेपसूचीही आपोआप निघते. ‘तत्रैव’ची सोयही आहे. लागोपाठचे दोन संदर्भ एकाच ग्रंथाचे असतील तरच तो शब्द येतो, मध्ये दुसरा ग्रंथ आला की पूर्ण संदर्भ येतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संकेतनाम चुकले किंवा नोंदच नसली, तर त्या जागी प्रश्नचिन्ह किंवा ठळक अक्षरांत ते नाव उमटते. हाताने केलेली चूक गुपचूप छापली जाते, ही चूक मुद्रितातच डोळ्यांवर येते.

ग्रंथसूचीतील मराठी प्रश्न

यंत्राला न कळणाऱ्या काही गोष्टी आपणच सांगाव्या लागतात. पहिली गोष्ट अकारविल्ह्याची. मराठी कोशांत ळ, क्ष, ज्ञ ही अक्षरे ‘ह’नंतर येतात. युनिकोडच्या अंकक्रमाने सूची लावली तर ‘क्षेमकुतूहल’ हा ग्रंथ ‘क’मध्ये जाऊन बसतो. बायबरला भाषा मराठी आहे असे सांगितल्यास क्रम आपल्या पद्धतीचा लागतो. वर्डमधील साध्या वर्गीकरणावर मात्र विसंबू नये.

दुसरी गोष्ट नावांची. लेखकाच्या नावाआधी ‘वैद्य’, ‘वैद्यपंचानन’ ही उपपदे लिहिली तर निम्मी सूची ‘व’खाली जाते. नोंद आडनावाने करावी : ‘गुणे, गंगाधरशास्त्री’, ‘आचार्य, यादवजी त्रिकमजी’. ज्यांना आडनाव नाही, त्या प्राचीन आचार्यांचा ग्रंथ त्याच्या शीर्षकाखाली नोंदवावा. चरकसंहितेचा कर्ता म्हणून अग्निवेश लिहावा, चरक की दृढबल, हा वाद ग्रंथसूचीत सोडविण्याचा नव्हे.

तिसरी गोष्ट वर्षाची. जुन्या ग्रंथांवर शके किंवा संवत् असते. शकात ७८ मिळविले की बहुतांश महिन्यांसाठी इसवी सन निघतो, म्हणजे शके १८६३ हे १९४१ होय. दोन्ही द्यावेत. वाराणसीच्या प्रकाशकांनी निर्णयसागरच्या आवृत्त्या पुढे पुनर्मुद्रित केल्या आहेत. अशा वेळी मूळ आवृत्तीचे वर्ष व हातातील पुनर्मुद्रणाचे वर्ष दोन्ही नोंदवावीत, अन्यथा १९४१ चे संपादन कालचे भासते.

व्यवहारात काय करावे?

लाटेक सर्वांनी सर्वत्र वापरावे असा माझा आग्रह नाही. ते शिकण्यास काही आठवडे जातात आणि जाहिरातींनी भरलेल्या, रंगीत अंकाची मांडणी त्यात अवघड जाते. संहितेचे भाषांतर, पाठभेदांसह संपादन, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठास सादर करावयाचा प्रबंध किंवा शेकडो संदर्भांचा ग्रंथ यांसाठी मात्र त्याला तोड नाही. त्यातून थेट पीडीएफ निघते, त्यामुळे छापखान्यात पुन्हा जुळणी होत नाही व नव्या चुका शिरण्यास वाव राहत नाही. त्रैमासिकातील लेखांसाठी वर्ड किंवा विनामूल्य लिबरऑफिस पुरे. झोटेरो या विनामूल्य साधनात ग्रंथनोंदी ठेवल्यास ते या दोहोंशी जोडता येते व त्याच नोंदी पुढे लाटेकलाही देता येतात. अंक इनडिझाइनमध्ये लागत असेल तर २००५ च्या आवृत्तीपासून त्यात तळटिपांची सोय आहे व वर्डच्या तळटिपा नात्यासह आत घेता येतात. भारतीय लिप्यांची युनिकोड जोडाक्षरे त्यात नीट उमटण्याची सोय २०१२ पासून झाली आहे.

साधन कोणतेही असो, पुढील नियम मी स्वतःसाठी ठरविले आहेत.

१. मजकूर प्रथमपासून युनिकोडमध्येच टंकित करावा.

२. टिपेचा अंक हाताने कधीही लिहू नये, प्रणालीची तळटीप-आज्ञाच वापरावी.

३. मात्रा, वजन, तापमान व पुट यांच्या अंकांना लागून टिपेचा अंक ठेवू नये. तो एककाच्या नंतर किंवा वाक्याच्या पूर्णविरामानंतर यावा. मात्रांच्या कोष्टकात अंकांऐवजी ‘अ’, ‘आ’ ही अक्षरे किंवा फुलीसारखी चिन्हे वापरावीत.

४. लेख पूर्ण होईपर्यंत ‘तत्रैव’ लिहू नये. प्रत्येक टिपेत ग्रंथाचा संक्षेप पूर्ण द्यावा.

५. श्लोक स्मरणातून उद्धृत केला असला तरी ग्रंथ उघडून ताडून पाहावा. हैदराबादच्या राष्ट्रीय भारतीय वैद्यक वारसा संस्थेने संहितांचे शोधता येणारे संगणकीय पाठ उपलब्ध केले आहेत. त्यांत शब्द टाकून स्थान शोधावे, पण संदर्भ स्वतःच्या हातातील छापील आवृत्तीचाच द्यावा.

६. शेवटच्या मुद्रितात मजकूर न वाचता केवळ टिपा वाचाव्यात : एकाने अंक व वाक्य वाचावे, दुसऱ्याने ग्रंथ उघडून पडताळावे. मात्रा असलेल्या प्रत्येक ओळीबाबत हे अवश्य करावे.

फार्मसीचालकांसाठी आणखी एक सूचना. आपल्या सर्व कल्पांची एकच संदर्भधारिका करावी. तीत कल्पाचे नाव, ग्रंथ, अधिकार किंवा अध्याय, वापरलेली आवृत्ती व फॉर्म्युलरीतील क्रमांक हे रकाने असावेत. नावपट्टी, परवान्याचा अर्ज व माहितीपत्रक यांसाठी मजकूर त्याच धारिकेतून घ्यावा. मग पट्टीवर एक ग्रंथ व अर्जात दुसरा, अशी विसंगती उद्भवत नाही. पट्टी नव्याने छापताना आधीची पट्टी डिझायनरला देऊन ‘अशीच करा’ म्हणण्याची सवय सोडावी. एकदा शिरलेली चूक त्या मार्गाने वर्षानुवर्षे चालू राहते.

एक प्रस्ताव

आपल्या संघटनेच्या संपादक मंडळास माझी विनंती आहे, की पुढील अंकापासून या त्रैमासिकाची स्वतःची संक्षेपसूची निश्चित करावी, ती प्रत्येक अंकाच्या अखेरीस अर्ध्या पानात छापावी आणि लेखकांकडून आवृत्तीच्या तपशिलासह संदर्भ मागवावेत. पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांपासून आरंभ केल्यास काम फार मोठे नाही. चार वैद्य व एक ग्रंथपाल यांनी मनावर घेतले तर ते एका महिन्यात होईल. चरक, सुश्रुत, अष्टांगहृदय, शार्ङ्गधर व भैषज्यरत्नावली या पाचांच्या नोंदी मी करून ठेवल्या आहेत व त्या मंडळाकडे देण्यास सिद्ध आहे.

त्या स्मरणिकेची एक प्रत मी जपून ठेवली आहे. तीवरील चिठ्ठीचा डिंक आता सुटू लागला आहे व खालचा ‘२४’ पुन्हा दिसतो. नव्याने व्यवसायात येणाऱ्या वैद्यांना लेख लिहिण्यास सांगतो, तेव्हा मी त्यांना प्रथम ते पान दाखवितो.